गोळ्यांची अख्खी पिशवी उघडून बघणारं मेडिकल, विश्रामबाग, सांगली

पाचपैकी साडेचार स्टार. अर्धा का कापला ते खाली लिहिलंय. पण आधी सांगते, घरात वयस्कर माणसं असतील आणि रोजच्या गोळ्या पाच-सहाच्या वर गेल्या असतील तर हा रिव्ह्यू पूर्ण वाचा, लांब झालाय तरी वाचा.

दुकानाचं नाव टाकत नाहीये. मॅडमना विचारलं होतं, त्या म्हणाल्या नाव नको, आत्ताच संध्याकाळी काउंटरला उभं राहायला जागा नसते. विश्रामबागच्या आतल्या गल्लीत आहे, अगदी छोटं, एका वेळी चार माणसं उभी राहिली की पाचवा रस्त्यावर. आसपास राहणाऱ्यांना कळलं असेलच कुठलं ते.

आता सांगली-मिरजेत मेडिकलना काय तोटा नाही. मिरज तर दवाखान्यांचंच गाव, वॉन्लेस हॉस्पिटल १८९४ पासूनचं, पार कर्नाटकातून लोक येतात उपचाराला, आणि प्रत्येक दवाखान्याच्या दारात दोन-तीन मेडिकल. मग एवढ्या आतल्या गल्लीतल्या दुकानात का जायचं? कारण या मॅडम स्वतः काउंटरवर असतात. बी.फार्म झालेल्या, रजिस्ट्रेशनचं सर्टिफिकेट फ्रेम करून मागे लावलंय, अंगात पांढरा कोट, आणि त्यावरचं नाव नि सर्टिफिकेटवरचं नाव एकच. हे लिहायला लागतंय कारण अशी किती दुकानं आहेत जिथे भिंतीवरचा फार्मासिस्ट कोणी कधी पाहिलेलाच नाही, लायसन्सपुरतं नाव आणि काउंटरवर बारावी झालेला पोरगा. कायदा १९४८ चा आहे, फार्मसी अॅक्ट, नोंदणी झालेल्या फार्मासिस्टनेच किंवा त्याच्या देखरेखीखालीच औषध द्यायचं. महेश झगडे एफडीएचे, म्हणजे अन्न व औषध प्रशासनाचे, आयुक्त असताना याच मुद्द्यावर राज्यभर दुकानांवर कारवाई झाली होती तेव्हा केमिस्ट लोकांनी केवढा विरोध केला, बंद पुकारले, आठवत असेल बऱ्याच जणांना. पेशंटला समजावून सांगणं हे फार्मासिस्टचं काम आहे असं २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिसच्या नियमांतच लिहिलंय. म्हणजे मॅडम जे करतात ते काही उपकार म्हणून नाही, ते त्यांचं काम आहे आणि त्या ते मनापासून करतात, आणि आपल्याला ते मागायचा हक्क आहे हेच मुळात लोकांना माहीत नाही.

पहिल्यांदा बाबांची चिठ्ठी घेऊन गेले तेव्हा गोळ्या काढता काढता त्यांनी विचारलं, "काकांना अजून काय काय चालू आहे?" मी सांगायला लागले, बीपीची आहे, शुगरची आहे, एक ती पांढरी लहान गोळी... त्या म्हणाल्या, असं नको, घरातल्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत घाला आणि पिशवीच घेऊन या, काकूंच्या पण वेगळ्या आणा, चालू असलेल्या, बंद झालेल्या, फ्रिजवरच्या, देवघराच्या कप्प्यातल्या सगळ्या. आणि खरंच दुपारी दुकानात शांतता असताना त्यांनी दोन्ही पिशव्या काउंटरवर ओतल्या आणि एकेक स्ट्रिप हातात घेऊन वहीत लिहीत बसल्या. ब्रँडचं नाव नाही, आतलं औषध काय ते.

आणि तिथेच मला कळलं की आमच्याकडे अख्खं चित्र बघणारं कोणी नव्हतंच. बाबांचे हार्टचे डॉक्टर मिरजेत, शुगरचे सांगलीत, गुडघ्यासाठी कोल्हापूरला जातात. आईचे थायरॉइडचे वेगळे, संधिवाताचे वेगळे. प्रत्येक जण चांगला आहे, माझी कोणाबद्दल तक्रार नाही, पण प्रत्येकासमोर त्याची त्याची फाइल असते. सगळ्यांच्या चिठ्ठ्या जिथे एकत्र येतात ती एकच जागा म्हणजे मेडिकलचं काउंटर. तेही आपण सगळं एकाच दुकानातून घेतलं तर. निम्मं इथून, निम्मं अॅपवरून, दवाखान्यात गेलो की तिथल्याच मेडिकलमधून असं केलं की तीही जागा गेली.

त्या पिशवीत पहिलीच गोष्ट निघाली ती बीपीच्या टेलमिसार्टनची. एका कंपनीची टेल्मा आणि दुसऱ्या कंपनीची टेल्मिकाइंड, दोन्ही ४० ची, औषध तेच. पुण्याहून भाऊ अॅपवरून मागवायचा त्यात दुसऱ्या कंपनीची आली होती. नावं वेगळी, पाकिटाचे रंग वेगळे, मग घरात म्हातारं माणूस दोन वेगळी औषधं म्हणूनच बघणार ना. नशिबाने बाबांनी दुसरं पाकीट फोडलंच नव्हतं.

मग बाबांना अॅडमिट केलं होतं छातीत दुखल्यामुळे, तेव्हाची गोष्ट. डिस्चार्जच्या कागदावर नवीन शुगरची गोळी होती, ग्लिमेपिराइड १. घरची जुनी ग्लायकोमेट जीपी १ तर चालूच होती. आपल्याला काय दिसतं, एक अमुक नावाची आणि एक तमुक नावाची. मॅडमनी कागद वाचला आणि गोळ्या द्यायच्या आधीच थांबल्या. त्या ग्लायकोमेट जीपीमध्येही मेटफॉर्मिनच्या जोडीला ग्लिमेपिराइडच आहे, म्हणजे दोन्ही घेतल्या तर डबल डोस. त्यात दवाखान्यातून आल्यावर बाबांचं जेवण अर्ध्यावर आलेलं, अशात रात्री शुगर खाली गेली तर माणूस झोपेतच बेशुद्ध होऊ शकतो. त्यांनी स्वतः दवाखान्यात फोन लावला, रेसिडेंट डॉक्टरांशी बोलल्या, त्यांनी सरांना विचारून परत फोन केला आणि जुनी बंद करून नवीन काय कशी घ्यायची ते ठरलं. मॅडमनी आपल्या मनाने एकही गोळी कमी केली नाही की वाढवली नाही. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. काही दुकानदार डॉक्टरच होऊन बसतात, "ही राहू दे, ही घ्या भारी आहे", तसलं इथे अजिबात नाही.

म्हणूनच आता आमचा नियमच झालाय, दवाखान्यातून घरी आलं की आधी डिस्चार्जचा कागद मॅडमना दाखवायचा आणि जुन्या गोळ्यांपैकी काय चालू, काय बंद ते पेनाने लिहून घ्यायचं, मगच डबा भरायचा.

आता आईचं. आईला थायरॉइडची गोळी बऱ्याच काळापासून आहे आणि टीएसएच (रक्तातला थायरॉइडचा आकडा) काही केल्या ताब्यात येत नव्हता, डोस वाढत वाढत गेला. मॅडमनी साधा प्रश्न विचारला, "काकू, गोळी कशाबरोबर घेता?" तर आई सकाळच्या चहाबरोबर घ्यायची, आणि पाठोपाठ नाष्ट्याला कॅल्शियमची शेलकॅल. थायरॉक्सिन रिकाम्या पोटी साध्या पाण्याबरोबर घ्यायची, चहा-नाष्टा अर्ध्या ते एक तासाने, आणि कॅल्शियम किंवा लोहाची गोळी असेल तर मध्ये निदान चार तास जाऊ द्यायचे, नाहीतर गोळी आतड्यातून नीट शोषलीच जात नाही. आता कॅल्शियम दुपारच्या जेवणानंतर. पण मॅडमनी हेही बजावलं की वेळ बदलली की तोच डोस आता जास्त लागू पडू शकतो, त्यामुळे दीड-दोन महिन्यांनी टीएसएच परत करा आणि डॉक्टरांना दाखवा, छातीत धडधड झाली तर त्याआधीच जा. आणि झालंही तसंच, रिपोर्टनंतर डॉक्टरांनी डोस कमी केला. कंपनी पण सारखी बदलू नका म्हणतात थायरॉइडला, एकच धरा.

पण माझ्या मनात या दुकानाबद्दल जी जागा आहे ती आईच्या संधिवाताच्या गोळीमुळे. हे जरा सविस्तर लिहिते कारण अनेक घरात ही गोळी असते आणि माहिती नसते. मेथोट्रेक्सेट. संधिवातात ही आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज नाही. रोज घेतली गेली तर रक्तातल्या पेशी तयार होणंच थांबतं, तोंड सोलवटतं, इन्फेक्शन होतं, माणसं दगावली आहेत यात जगभर. आणि हिच्या जोडीला फॉलिक अॅसिड देतात, तेही डॉक्टर सांगतील त्या वाराला. आता नावं बघा, एक फॉलिट्रॅक्स आणि दुसरी फॉल्व्हाइट. दोन्हींची सुरुवात सारखी, दोन्ही गोळ्या लहानशा. फॉलिट्रॅक्स म्हणजे मेथोट्रेक्सेट आणि फॉल्व्हाइट म्हणजे फॉलिक अॅसिड. चिठ्ठीवरचं अक्षर कसं असतं ते सगळ्यांना ठाऊक आहे.

मॅडम काय करतात, मेथोट्रेक्सेटच्या स्ट्रिपवर काळ्या मार्करने मोठं "फक्त रविवार" लिहितात, दोन्ही बाजूला. महिन्याला लागतात तेवढ्याच मोजून देतात, जास्त मागितल्या तरी नाही. स्ट्रिप वेगळ्या कागदी पाकिटात घालून ते पाकीट रोजच्या डब्यात ठेवायचंच नाही म्हणून सांगतात. आणि दर वेळी, अक्षरशः दर वेळी, आईला विचारतात, काकू ही कधी घेता? आई पहिल्यांदा चिडली होती, म्हणाली मला काय वेड लागलंय का. मॅडम हसून म्हणाल्या, काकू मला तुमच्या तोंडून ऐकू द्या. आता आई आत शिरतानाच "रविवार रविवार" म्हणते.

आणि मग एकदा आईचं तोंड आलं. आपल्याकडे तोंड आलं की काय करतात, मेडिकलमध्ये जाऊन बी-कॉम्प्लेक्स आणि तोंडात लावायचं जेल आणतात. मी तेच मागायला गेले. मॅडमनी हातातलं सगळं बाजूला ठेवलं आणि विचारलं, कोणाला तोंड आलंय? काकूंना? ताप आहे का, कुठे काळं-निळं पडलंय का, गेल्या महिन्यात दुसरं कुठलं औषध चालू झालंय का? तर लघवीच्या जळजळीसाठी घराजवळच्या डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिलं होतं, ते मी त्यांच्याकडूनच घेतलेल्या पुडीत आणलं होतं त्यामुळे मॅडमच्या वहीत नव्हतं. घरून पुडीवरचं नाव फोन करून विचारलं, तर ते सल्फावालं, कोट्रायमोक्साझोल. मेथोट्रेक्सेटबरोबर ते चालतच नाही, दोन्ही मिळून रक्तपेशींवर परिणाम होतो. मॅडम म्हणाल्या बी-कॉम्प्लेक्स मी देणार नाही, आजच संधिवाताच्या डॉक्टरांना फोन करा आणि आजच सीबीसी (रक्तपेशींची तपासणी) करा. पांढऱ्या पेशी कमी आल्या होत्या, फार नाही, पण कमी. डॉक्टरांनी दोन्ही औषधं थांबवली, फॉलिक अॅसिडचं वेगळं औषध दिलं आणि परत रक्त तपासत राहिले, आई बरी झाली. डॉक्टरांनी मला विचारलं कोणी पाठवलं, मी म्हटलं मेडिकलच्या मॅडमनी. ते म्हणाले त्यांना माझे आभार सांगा. वीस-तीस रुपयांची बी-कॉम्प्लेक्स विकून मोकळं होता आलं असतं त्यांना. मी हे लिहिताना अजून अंगावर काटा येतो.

बाबांचं दुखणं म्हणजे गुडघे. बाबा परस्पर कॉम्बिफ्लॅम मागायचे, कुठल्याही दुकानात मिळते. इथे मिळाली नाही. मॅडमनी बाबांना खुर्चीवर बसवून सांगितलं की काका तुम्ही इकोस्प्रिन म्हणजे अॅस्पिरिन घेता हार्टसाठी, त्याच्यावर कॉम्बिफ्लॅममधलं आयबुप्रोफेन घेतलं तर पोटात रक्तस्राव व्हायचा धोका वाढतो, इकोस्प्रिनचा जो फायदा हवा तोही कमी होऊ शकतो, आणि टेलमिसार्टनबरोबर या पेनकिलर सतत घेतल्या की किडनीवर ताण येतो, त्यात लघवीची गोळी सुरू असेल तर फारच. पॅरासिटामॉल चालेल पण मोजून, आणि गुडघ्याच्या डॉक्टरांना हार्टच्या गोळ्यांची यादी दाखवा. बाबांनी ऐकलं. आमचं ऐकत नाहीत, मॅडमचं ऐकतात.

पॅरासिटामॉल मोजून म्हणजे काय तेही त्यांनीच समजावलं. सर्दी झाली की आपण डोलो ६५० घेतो आणि वर सिनारेस्टसारखी सर्दीची गोळी, पण त्या सर्दीच्या गोळीतही ५०० चं पॅरासिटामॉल असतंच. दिवसाला चार ग्रॅमच्या वर मोठ्या माणसानेही जायचं नाही, वयस्कर, बारीक किंवा लिव्हरचा त्रास असलेल्यांनी त्याच्याही बरंच खाली. शिवाय सर्दीच्या गोळीत फिनाइलएफ्रिन असतं ते बीपी वाढवतं. बीपीच्या पेशंटला काउंटरवरून ती गोळी त्या देत नाहीत, वाफ घ्या म्हणतात, मिठाच्या पाण्याने गुळण्या करा म्हणतात.

लहान मुलांच्या सिरपबद्दल तर फारच कडक. सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५ मध्ये छिंदवाड्याकडची मुलं कफ सिरपमधल्या विषारी डायएथिलीन ग्लायकॉलने गेली, कित्येकांना उपचारासाठी नागपूरला आणलं होतं, ते आपण सगळ्यांनी वाचलं. पण मॅडम त्याच्या आधीपासूनच चार वर्षांखालच्या मुलाला चिठ्ठीशिवाय सर्दीचं सिरप देत नाहीत. माझ्या बहिणीच्या मुलासाठी मागितलं तर वय विचारून सरळ नाही म्हणाल्या, डॉक्टरांना दाखवा. बहिणीला राग आला. मला नाही आला.

आता उपवासाचं. आमच्या घरी आषाढी-कार्तिकी, संकष्टी, श्रावणी सोमवार, सगळं असतं. मॅडमना हे माहीत असतं! आषाढी जवळ आली की शुगरच्या पेशंटना स्वतःहून विचारतात, काका एकादशी करणार का? ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेऊन दिवसभर नुसतं पाणी प्यायलं तर शुगर धाडकन खाली, आणि साबुदाण्याची खिचडी, बटाटा, वरई खाल्ली तर उलट वर. म्हणून आधीच डॉक्टरांना विचारा त्या दिवशी गोळी कशी घ्यायची, आपल्या मनाने गोळी सोडू नका. हातपाय थरथरले, घाम फुटला, डोळ्यापुढे अंधारी आली तर उपवास तिथल्या तिथे मोडायचा, साखर खायची, पांडुरंग रागवत नाही. बाबांना हे पटलं याचं मला अजून आश्चर्य वाटतं.

अँटिबायोटिकसाठी चिठ्ठी पाहिजे म्हणजे पाहिजे. लाल रेघ असलेली स्ट्रिप दाखवतात, ही बघा, ही मागून मिळत नाही. शेड्यूल एच-वनची (कायद्याच्या जास्त कडक यादीतली) औषधं रजिस्टरला लिहितात, डॉक्टरांचं नाव, पेशंटचं नाव, किती दिली. गर्दीत काही लोक वैतागून निघून जातात, "दोन दुकानं सोडून मिळतं" म्हणत. मिळतं हो. तोच तर प्रश्न आहे. एकदा माझ्यासमोर एक जण तीन गोळ्या मागत होता, पाच दिवसांचा कोर्स लिहिलेला असताना, पैसे कमी होते म्हणून. मॅडमनी पूर्ण दिल्या आणि बाकी उद्या द्या म्हणाल्या.

स्ट्रिप कापायची पद्धत बघा, एरवी कोणी लक्ष देत नाही. एक्सपायरी आणि बॅच नंबर पट्टीच्या एका टोकाला असतो. अर्धी पट्टी घेतली की ज्याला दुसरा अर्धा भाग मिळतो त्याला तारीखच कळत नाही. इथे तारखेचा भाग शेवटपर्यंत दुकानात ठेवतात आणि आपल्याला दिलेल्या तुकड्याच्या पाकिटावर नाव, तारीख, बॅच हाताने लिहून देतात, बिलावरही असतं. सकाळ-दुपार-रात्रीसाठी सूर्य आणि चंद्र काढून देतात आईसाठी, आईला बारीक अक्षर दिसत नाही. एसआर लिहिलेली गोळी तोडायची नाही, कुटून द्यायची नाही, हे पाकिटावर लिहितात, कारण ती दिवसभर हळूहळू सुटायला बनवलेली असते, कुटली की सगळा डोस एकदम. शेजारच्या काकूंच्या मिस्टरांना दम्याच्या रोटाकॅप, म्हणजे श्वासावाटे ओढायच्या पावडरच्या कॅप्सूल, दिल्या होत्या कुठून तरी, ते त्या पाण्याबरोबर गिळत होते! मॅडमनी रोटाहेलर हातात देऊन समोर ओढायला लावला आणि नंतर चूळ भरायची हेही शिकवलं, नाहीतर स्टिरॉइडमुळे तोंडात पांढरी बुरशी धरते.

इन्सुलिन बर्फाच्या पाकिटातच देतात, फ्रिजला थर्मामीटर आहे, दोन ते आठ डिग्री, लाइट गेली तर इन्व्हर्टर. घरी फ्रीझरमध्ये नाही ठेवायचं, गोठलेलं इन्सुलिन वाया गेलं समजा. सांगलीचा उन्हाळा माहीतच आहे, एप्रिलमध्ये गाडीच्या डिकीत ठेवून बाजारहाट करत फिरू नका.

२०१९ च्या महापुराचंही सांगायला पाहिजे. गावभागातली कितीतरी कुटुंबं इकडे नातेवाइकांकडे आली होती, अंगावरच्या कपड्यानिशी, फाइली पाण्यात. ज्यांचं औषध आधी इथून जायचं त्यांची यादी मॅडमच्या कॉम्प्युटरवर होती. ज्यांचं नव्हतं त्यांच्या डॉक्टरांना फोन लावत बसायच्या, फिटच्या गोळ्या, हार्टच्या गोळ्या एक दिवस चुकवायच्या नसतात म्हणून. पाण्यात भिजलेल्या स्ट्रिपा कोणी पुसून आणल्या तर त्या फेकायला लावल्या.

पैशाचं. डिस्काउंट दहा टक्के, त्यातही सगळ्यावर नाही. अॅपवर वीसच्या पुढे मिळतं हे खरंय, आणि महिन्याचं बिल पाच-सहा हजार असेल तर फरक लागतो. पण मॅडम स्वतःच सांगतात की काका ही अॅटोरव्हास्टॅटिन, ही पँटोप्राझोल जनऔषधी केंद्रात बरीच स्वस्त मिळेल, डॉक्टरांना विचारून तिकडून घ्या, फक्त मला पाकीट दाखवा म्हणजे मी यादीत लिहिते. स्वतःचं गिऱ्हाईक दुसरीकडे पाठवणारं दुकान मी तरी पाहिलं नाही. आणि लिहिलेली कंपनी नसेल तर "सेमच आहे, घ्या" म्हणत नाहीत. चिठ्ठीवरच्या शेड्यूल एच (चिठ्ठीशिवाय न मिळणाऱ्या) औषधाच्या जागी दुसरं देता येत नाही असा नियमच आहे, त्या डॉक्टरांना फोन करतात किंवा उद्यापर्यंत मागवून देतात.

आणि आता अर्धा स्टार. संध्याकाळी सात ते नऊ जाऊ नका, पाऊण तास जातो. एकट्या मॅडम, एक मदतनीस मुलगा, आणि प्रत्येकाला विचारून देणार, वेळ लागणारच. रविवारी दुपारनंतर बंद, रात्री साडेनऊला शटर खाली, म्हणजे रात्री-अपरात्री मिरजेकडच्या नाहीतर मोठ्या दवाखान्याच्या मेडिकलमध्ये जावं लागतं. गाडी लावायला जागा नाही. काही महागडी औषधं, कॅन्सरची वगैरे, ठेवत नाहीत. घरपोच देतात पण नवीन औषध असेल तर देत नाहीत, कोणीतरी येऊन समजून घ्या म्हणतात, नोकरी करणाऱ्याला ते अवघड जातं. निदान व्हिडिओ कॉलवर सांगायची सोय करावी असं मी त्यांना सांगितलंय. आणि मॅडम गावाला गेल्या की दुसरे फार्मासिस्ट येतात ते देतात बरोबर पण बोलत नाहीत फारसं.

औषधाची रिअॅक्शन आली, अंगावर पुरळ, सूज, काहीही, तर डॉक्टरांना तर सांगायचंच, पण त्याची नोंद पण करता येते, सरकारी हेल्पलाइन आहे १८००-१८०-३०२४, पेशंट स्वतः फोन करू शकतो. हा नंबर मॅडमनी काउंटरवर चिकटवलाय, शेजारी एफडीएचा १८००-२२२-३६५, औषधाची गुणवत्ता किंवा दुकानाबद्दल तक्रार असेल तर. स्वतःच्या दुकानात स्वतःच्या विरुद्ध तक्रारीचा नंबर लावलाय त्यांनी.

जायचं असेल तर दुपारी साडेतीन ते पाच, तेव्हा शांतता असते. पिशवी भरताना गोळ्यांबरोबर चूर्णं, काढे, कारल्याचा रस, जिममधली पावडर, सगळं घाला. ज्येष्ठमधाचा काढा रोज घेऊन बीपी वाढलेली माणसं आहेत, ते औषध म्हणून कोणी सांगतच नाही. इनोची पाकिटं पण, त्यात सोडियम असतं. आणि डोळ्यात घालायच्या ड्रॉप्सची बाटली हमखास राहते, ती घाला. काचबिंदूचे टिमोलॉलचे थेंब असतील आणि घरात त्याच माणसाला दमा असेल तर ते थेंबसुद्धा दमा वाढवतात. मॅडम बाटली बघून डोळ्यांच्या डॉक्टरांशी बोलून घेतात.